दोन मालकांचा रेडिओ

माझ्या दुकानात सगळ्यांत लांबलेला मुक्काम केला तो एका रेडिओनं. नांदेडला वजिराबादच्या मागच्या गल्लीत मी हयातभर ड्रिल, ग्राइंडर, कटर अशी हातमशीनं दुरुस्त केली. मशीन येतं, उघडलं जातं, बरं होतं आणि दुसऱ्या दिवशी धन्याच्या खांद्यावर बसून निघून जातं. हा रेडिओ मात्र आला तो राहिलाच. दिवाळी गेली, उन्हाळा गेला, पुढचा पावसाळा आला, तरी तो फळीवर. आणि त्याच्यात बिघाड म्हणाल तर काहीही नव्हता.

आमच्या घरात सगळे मास्तर. वडील शाळेत, काका शाळेत, आत्या तर मुख्याध्यापिका. मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्सला नाव घातलं तेव्हा आत्या म्हणाली होती, "चला, घरातला रेडिओ तरी फुकट दुरुस्त होईल." झालं भलतंच. मी शिकून बाहेर पडले तोवर घरोघरचे रेडिओ माळ्यावर जाऊन बसले होते, आणि माझ्या टेबलावर आली ती सुतारांची, पत्रेवाल्यांची, पीओपीवाल्यांची मशीनं. आधी वायरची, मग बॅटरीची. बाई मशीन खोलते ते बघायला सुरुवातीला माणसं उगीच दुकानासमोर बिडी पेटवून उभी राहायची. पुढं त्यांनाही सवय झाली आणि मलाही. तरी रेडिओची हौस मनात कुठंतरी शिल्लक होतीच. म्हणून बळीराम आणि नरसिमलू तो डबा घेऊन पहिल्यांदा दुकानात शिरले, तेव्हा मी हातातलं ग्राइंडर उघडंच ठेवून उठले.

डबाच म्हणायचं त्याला. चारी कोपऱ्यांना जाड रबर, भोवती दांड्यांचा पिंजरा, वर धरायला मूठ, एका बाजूला वाकणारं रबरी एरियल. बांधकामावर वापरायचा रेडिओ तो. वरून विटेचा तुकडा पडला तरी त्याचं काही बिघडू नये म्हणून असं पैलवानी रूप. खरी गंमत पाठीमागं होती. तिथं एक झाकण, आणि झाकणाआडच्या खाचेत ड्रिलची बॅटरी बसायची. लाईट नसली तर रेडिओ त्या बॅटरीवर वाजायचा. लाईट असली आणि वायर लावली, की तीच बॅटरी तो वाजता वाजता भरायचा. म्हणजे रेडिओ तर होताच, वर चार्जरही. गाणं बंद केलं तरी बॅटरी भरणं चालू राहायचं. ही दोन कामं तो जणू दोन वेगळ्या मनांनी करायचा. आपल्याकडं हा प्रकार फारसा कुणी बघितलेला नाही. आपला मिस्त्री मोबाइलवर गाणी लावतो आणि चार्जर पिशवीत ठेवतो. हा रेडिओ मस्कतहून आला होता.

बळीराम उदगीरचा. उंच, घोगऱ्या आवाजाचा, पत्र्याच्या कामात वस्ताद. नरसिमलू धर्माबादचा. ठेंगणा, हसरा, घरात तेलुगू, बाजारात मराठी आणि चिडला की दोन्ही. दोघं मस्कतला एका खोलीत राहिले, एकाच बांधकामावर पत्रे ठोकले. उन्हाळ्यात भर दुपारी तिथं काम बंद असायचं. तेव्हा अर्धवट इमारतीच्या सावलीत सगळे टेकायचे, बॅटऱ्या भरायला लावलेल्या असायच्या आणि रेडिओवर कुणीतरी बाई संथपणे बोलत असायची. "एक अक्षर कळायचं न्हाई बघा ताई," बळीराम सांगायचा, "पर असं वाटायचं की आपल्याच घरचं काहीतरी सांगून राहिली." पुढं एक सुपरवायझर देश सोडून निघाला, त्याच्याकडून दोघांनी मिळून तो रेडिओ घेतला. आणि दोघंही कायमचे परत आले तेव्हा प्रश्न पडला की हा ठेवायचा कुणी?

तोडगा नरसिमलूनं काढला. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत रेडिओ उदगीरला, दिवाळीपासून पुढं धर्माबादला. अदलाबदल माझ्या दुकानात, कारण सामानाला दोघांनाही नांदेडला यावं लागायचंच, आणि त्या निमित्तानं त्याची तपासणीही व्हायची.

तपासणी म्हणजे काय, ते सांगते. बॅटरीच्या यंत्राला शंभरातली बहुतेक दुखणी जोडावर होतात. बॅटरी आणि मशीन जिथं एकमेकांना टेकतात तिथं पितळी पट्ट्या असतात. त्यांच्यावर सिमेंट बसतं, घाम बसतो, हिरवट गंज चढतो. माणूस म्हणतो बॅटरी मेली. बॅटरी मेलेली नसते, टेकण नीट नसतं. मी पट्ट्या घासायचे, चिमट्यानं जरा उचलून द्यायचे, आणि मेलेलं यंत्र घर्र करून उठायचं. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर तेव्हा जे यायचं त्याच्यासाठी मी इतकी वर्षं दुकान उघडलं, असं आता वाटतं. अलीकडं कुणी टेकण बघत नाही. फेकतात आणि नवी घेतात. त्याची हळहळ वाटते, पण असो.

माझा आणखी एक नियम होता. रेडिओचं स्टेशन हलवायचं नाही. माणूस जिथं ऐकत होता तिथंच त्याला तो परत मिळाला पाहिजे. त्यामुळे उदगीरहून आला की मी वायर लावताच फळीवरून कानडी झिरपायची, खरखरत, लांबून आल्यासारखी. धर्माबादहून आला की तेलुगू. मला दोन्ही येत नाहीत. दुपारी गल्ली सामसूम असताना सोल्डरचा धूर वर जातोय, पंखा त्याला वळसे देतोय, आणि न समजणारं कुणीतरी आपल्याशी बोलतंय, अशा कितीतरी दुपारी माझ्या डोळ्यांसमोर अजून तरंगतात. त्यांतली पहिली कोणती आणि शेवटची कोणती ते सांगता येणार नाही. सगळ्यांची मिळून एकच लांबलचक दुपार झाली आहे.

मग नरसिमलूच्या वडिलांना अर्धांगवायू झाला. ते धर्माबादच्या मोंढ्यात मापाडी होते. आयुष्यभर धान्य मापताना मोठ्यानं आकडे पुकारलेला माणूस. आता एक बाजू गेली, शब्द चघळल्यासारखे येऊ लागले. नरसिमलूनं रेडिओ त्यांच्या खाटेशेजारी ठेवला. सकाळी चालू व्हायचा तो दिवेलागणीला बंद. पाऊस सुरू झाला, उदगीरची पाळी आली, तरी रेडिओ येईना.

बळीराम ठरलेल्या दिवशी दुकानात येऊन बसला होता. दुसऱ्यांदा आला तेव्हाही नरसिमलू आला नाही. तिसऱ्यांदा मात्र तो तापलेलाच आला. उदगीरला लाईटचा लपंडाव चालला होता, त्याचा साधा चार्जर जळाला होता, हातातलं मोठं काम दुसऱ्यानं नेलं होतं. त्यानं माझ्यासमोरच फोन लावला आणि हात मोकळे ठेवायला स्पीकरवर टाकून काउंटरवर ठेवला.

"आणतो की रे," नरसिमलू म्हणाला. "नाना त्याच्यावरच पडून हाय. जरा दम धर."

"मागल्या महिन्यातबी हेच बोललास."

"त्याला दुसरं काय हाय, बळी? भिंत बघत पडतो."

"मंग काय, तुझा बाप गेल्यावर देतो का?"

पलीकडून नुसता रेडिओ ऐकू येत होता. कुणीतरी तेलुगूत सावकाश काहीतरी सांगत होतं. मग फोन बंद झाला.

बळीराम फोनकडं बघत राहिला. "मी काय बोललो, ताई?" तो म्हणाला.

"परत लाव," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता लाव."

त्यानं फोन उचलला, नंबरावर बोट ठेवलं, आणि तसाच खिशात घालून उठला. "उद्या लावतो. आज तोंड न्हाई व्हायचं." उद्या कधी आला नाही. पोळा झाला आणि नरसिमलूचे वडील गेले.

काही दिवसांनी नरसिमलू दुकानात आला. डोकं भादरलेलं, चेहरा लहान झालेला. त्यानं रेडिओ काउंटरवर ठेवला, आडवं झालेलं एरियल सरळ केलं. "हे त्याला द्या. आता कुणाला लागत न्हाई." मी चहा सांगितला, पण तो थांबला नाही.

बळीरामला मी फोन केला. वडील गेल्याचं त्याला कळलं होतं. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. कोणत्या तोंडानं नेऊ?"

"रेडिओ राहू दे. धर्माबादला जाऊन ये."

"जातो," तो म्हणाला. गेला नाही.

तेव्हापासून रेडिओ फळीवर. यंत्र नुसतं पडून राहिलं की खराब होतं म्हणून मी अधूनमधून वायर लावायचे, आणि वायर लावली की तो वाजायचा. नांदेडला ते तेलुगू स्टेशन धड लागत नव्हतं. समुद्र कधी फारसा पाहिला नाही मी, पण शंख कानाला लावल्यासारखा आवाज यायचा आणि त्यातून मधूनच एखादं वाक्य वर येऊन बुडायचं. दुकानात येणारे विचारायचे, ताई, विकायचा का? मी म्हणायचे, मालक येणार आहेत. कोणता मालक, ते मलाही ठाऊक नव्हतं.

असं वर्ष सरून गेलं. माझ्या डोळ्यांनी बारीक काम होईना. दुकान दुसऱ्याला द्यायचं ठरवलं. यंत्रं, हत्यारं, सुटे भाग सगळं त्याला दिलं. रेडिओ कसा देणार? तो माझा नव्हता.

तेव्हा नरसिमलू उमरीला एका धान्याच्या गिरणीवर काम करत होता. तिथं सोयाबीन साठवायच्या पत्र्याच्या गोल कोठ्या आहेत, त्यांतल्या एकीचं छप्पर गळत होतं. मी त्याला म्हटलं, मी उमरीला येतेय, तुझ्याशी बोलायचंय. मग बळीरामला फोन केला. "रेडिओ हवा असेल तर माझ्याबरोबर उमरीला चल. तिथं देईन."

"कोन हाय तिथं?"

"चल तर खरं."

त्याला कळलं असणार. कारण तो पुढं काही न विचारता सकाळच्या गाडीनं नांदेडला आला, आणि सोबत हत्यारांची अख्खी पिशवी घेऊन आला. बिनकामाचं जायला लाज वाटते तसं. माझ्या कारमध्ये मागच्या सीटवर रेडिओ, पुढं आम्ही दोघं. पाऊस संपून ऊन कोवळं झालं होतं. काढणी झालेली रानं पिवळी, हवेत सोयाबीनच्या भुशाचा बारीक धुरळा, त्याच्यातून रस्ता थरथरल्यासारखा दिसायचा. बळीराम सारखं ओठातल्या ओठात काहीतरी जुळवत होता. मी विचारलं नाही.

गिरणीत शिरलो तेव्हा नरसिमलू कोठीच्या माथ्यावर होता. त्यानं आम्हाला बघितलं. बळीरामकडं जरा जास्त वेळ बघितलं, मग पाठ फिरवली आणि छपराच्या झरोक्यातून आत उतरला. बळीराम कडुलिंबाखाली जाऊन बसला. मी दोघांच्या मध्ये उभी. वाटलं, मास्तरांच्या घरातली असून मला साधी समजूत घालता येत नाही.

तेवढ्यात कोठीतून हाक आली. हाक कसली, अर्धी हाक. पुढचा अर्धा आवाज पत्र्यातच राहिला.

झालं होतं असं. छपरातून पाणी गळून वरचं सोयाबीन ओलं झालं होतं आणि त्याची कडक पापडी बनली होती. आठवडाभर खालच्या तोंडानं माल काढणं चाललेलं, त्यामुळे पापडीखाली पोकळी होती. बाहेरून ते कळत नाही. पत्रा आतून बसवायला नरसिमलू त्या पापडीवर उभा राहिला, आणि ती फुटली. धान्यात माणूस पाण्यासारखा बुडतो, पण पाण्यासारखा वर येत नाही. हालचाल केली की दाणा आणखी घट्ट आवळतो.

बळीराम शिडी चढून आत डोकावला आणि उतरला. "छातीपतुर हाय. हात वर हायेत. हलला की खाली जातो."

गिरणीच्या मॅनेजरनं खालचा, धान्य बाहेर ओढणारा फिरता स्क्रू कुणी चुकून चालू करू नये म्हणून गिरणीचा मेन स्विच पाडला. अग्निशामक गाडीला फोन गेला. ती नांदेडहून निघाली. हमालांनी वरून दोर सोडला, नरसिमलूनं काखेत बांधला, आणि ते ओढायला लागले तसा आतून तो किंचाळला.

"वढू नका!" बळीराम ओरडला. "दाण्यानं धरलाय त्याला, कंबरडं मोडंल. दोर नुसता ताणून ठेवा, खाली जाऊ देऊ नका. दाणा काढायचा, माणूस न्हाई."

कुणीतरी ग्राइंडर घेऊन पुढं झालं. बळीरामनं ते बाजूला सारलं. आत धान्याचा भुसा भरलेला, ग्राइंडरची ठिणगी उडाली तर कोठीच पेटायची. त्यानं पिशवीतून पत्रा कुरतडायचं मशीन काढलं. उंदीर भाकरीचा काठ खातो तसं ते पत्र्याचे चंद्रकोरीसारखे बारीक तुकडे काढत पुढं सरकतं. ठिणगी पडत नाही. आधी ड्रिलनं भोक पाडायचं, मग त्यातून हे मशीन घालून खिडकी कापायची. एकाच बाजूनं मोठी खिडकी कापली तर सगळा ढीग तिकडं ढासळून माणसावर येणार. म्हणून चारी बाजूंनी, थोडं इथं, थोडं तिथं, दाणा सारखा उतरत राहील असं.

पण मशीन बॅटरीवरचं, पत्रा जाड आणि नागमोडी. बॅटऱ्या दोनच, एक मशीनमधली, एक ड्रिलमधली. पहिली खिडकी अर्धी होते न होते तोच मशीनचा आवाज खोल गेला.

"ताई, रेडिओ!" बळीराम म्हणाला.

एकाच कंपनीची बॅटरी, तीच खाच. गिरणीच्या ऑफिसला वेगळा मीटर होता. तिथून लांब वायर ओढली आणि कोठीच्या पायाशी रेडिओ ठेवला. ड्रिलमधली बॅटरी मशीनला गेली, दमलेली रेडिओत. मी वायर लावली आणि रेडिओ वाजायला लागला. बटण बंद करायचं राहून गेलं होतं. उमरीला ते स्टेशन स्वच्छ लागत होतं. एक म्हातारा आवाज तेलुगूत काहीतरी सांगत होता, शब्दन् शब्द सुटा.

कोठीच्या आतून आवाज आला, खोल विहिरीतून यावा तसा. "कोन लावलं हे?"

बळीरामचा हात थांबला. "मी हाय. बळी. बॅटरी भरून राहिली."

मला वाटलं, आता नरसिमलू बोलणारच नाही.

"रेडिओ बंद कर," नरसिमलू म्हणाला. "तू बोल."

मी बटण बंद केलं. चार्जिंगचा लाल दिवा तसाच राहिला.

"काय बोलू?" बळीराम पत्र्याला कान लावून म्हणाला.

"काय पन. थांबू नको. इथं अंधार हाय, आन छातीवर कुनी बसल्यासारखं होतंय."

बळीराम पत्रा कुरतडू लागला आणि बोलू लागला. मशीनचा आवाज थांबेल तेवढ्या फटीतून. "श्वास बारीक घे. लांब नको घेऊ. हात वरच ठेव. मस्कतला आपला तो केरळवाला होता, आठवतो? रोज मासळी करायचा आन खिडकी उघडू द्यायचा न्हाई."

"त्याचं नाव काय होतं?"

"तूच सांग. आठव."

मग, "इसरलो."

"आठव. बाहेर आला की सांग मला." आणि मग काम न थांबवता, पत्र्याकडंच बघत तो म्हणाला, "नरश्या, त्या दिवशी फोनवर मी—"

"ते न्हाई," आतून लगेच आलं. "ते बाहेर आल्यावर. आता दुसरं बोल."

पहिल्या खिडकीतून सोयाबीन वाहू लागलं. बळीराम कोठीला वळसा घालून समोरच्या बाजूला गेला. पुन्हा बॅटरी दमली, पुन्हा अदलाबदल. आणि इथं रेडिओनं हात आखडला. लाल दिवा स्थिर राहण्याऐवजी लुकलुकायला लागला. त्याचा अर्थ मला ठाऊक होता. जोरात राबलेली बॅटरी तापते. तापलेली बॅटरी चार्जर घेत नाही, ती निवेपर्यंत वाट बघतो. शहाणपणाच आहे तो, नाहीतर बॅटरी फुटेल. पण आत माणूस होता, आणि आम्हाला वाट बघायची सोय नव्हती. ओला फडका लावता येत नाही, पाणी आत गेलं तर सगळंच संपलं.

मी बॅटरी काढली आणि पळत कारकडं गेले. इंजिन चालू केलं, एसी पूर्ण सोडला आणि ती बॅटरी दोन्ही हातांत धरून वाऱ्याच्या तोंडाशी बसून राहिले. तापलेलं पोर मांडीवर घेऊन बसावं तशी. काचा बंद, बाहेरचा एक आवाज येत नव्हता. समोर ती मोठी चंदेरी कोठी, तिच्या कुशीतून धान्याच्या पिवळ्या धारा लागलेल्या, धुरळ्यात ऊन मुरलेलं, आणि पत्र्याला गाल टेकवून बळीराम. त्याचे ओठ हलत होते. काय बोलत होता कोण जाणे. सगळं इतकं शांत आणि लांबचं होतं की, हे मी कुठल्या तरी जुन्या दुपारी ऐकलेल्या परभाषेतल्या गोष्टीत बघतेय असं वाटलं. फक्त तळहातांतली ऊब खरी होती, आणि ती हळूहळू कमी होत होती.

बॅटरी निवली. रेडिओत घातली, दिवा स्थिर झाला. पुढच्या प्रत्येक खेपेला आम्ही तसंच केलं. मी कार आणि कोठी यांच्यामध्ये धावत होते, मॅनेजर वायर सांभाळत होता, हमाल खिडक्यांपुढं साचलेलं सोयाबीन फावड्यांनी ओढत होते. आमच्या पायांशी घोट्याएवढे, मग गुडघ्याएवढे दाणे. आत नरसिमलू दाण्यांबरोबर सावकाश खाली उतरत होता. वरून हमाल ओरडून सांगायचे, पोट दिसलं, कंबर दिसली. अग्निशामक गाडी आली तेव्हा त्यांच्या साहेबानं सगळं बघितलं, बळीरामला हलवलं नाही, आपली माणसं फावड्यांना लावली आणि एकाला आत सोडून नरसिमलूला आधार दिला. शेवटच्या खिडकीची बळीरामनं मोठी चौकट केली आणि तिच्यातून त्याला बाहेर घेतलं.

त्याला सोयाबीनच्या ढिगावरच निजवलं. पापण्यांपर्यंत धुळीनं माखलेला, पाय बधिर. त्यानं मान वळवून त्या चौकटीकडं बघितलं.

"वाकडं कापलास रे," तो म्हणाला.

बळीराम त्याच्याशेजारी ढिगावर बसला. त्याच्या हातातलं मशीन अजून चालूच होतं, हवा कुरतडत. मी ते बंद केलं.

दवाखान्यात एक दिवस ठेवून घेतलं. हाडं शाबूत होती. पायांना जाग यायला वेळ लागेल म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याला माझ्या कारमधून धर्माबादला नेलं. तो मागं आडवा, पाय बळीरामच्या मांडीवर. आरशात मला दिसत होतं, बळीराम पुन्हा ओठातल्या ओठात जुळवाजुळव करत होता.

घर लहान, अंगण शेणानं सारवलेलं. नरसिमलूची आई दारातच होती. मुलाला खाटेवर निजवलं, त्याच्या पायांवरून हात फिरवला, मग ती बळीरामकडं वळली.

"तू बळी. मस्कतवाला."

"हाव, माय."

"अन्नम तिन्नावा, बिड्डा?"

जेवलास का, पोरा, असं ती विचारत होती. एवढं तेलुगू मलाही कळलं. बळीराम मात्र उभाच राहिला. "जेवतो. आधी एक सांगायचंय. मी फोनवर लई वंगाळ बोललो होतो. नानाबद्दल. ते बोलाया नको होतं. मातीलाबी आलो न्हाई, सांत्वनालाबी न्हाई. रोज येतो म्हणायचो."

ती ऐकत होती. मग तिनं पदर सारखा केला.

"फोन आला तवा मी इथंच होते. यानं फोन मोठ्यानं ठेवलता. नानानं ऐकलं सगळं."

बळीरामनं मान खाली घातली.

"हसला रे तो," ती म्हणाली. "अर्ध्या तोंडानं. लई दिवसानं हसला. म्हनला, बरोबर बोलतो पोरगा. मी गेलो की दे त्याला. त्याच्या हक्काचं हाय."

बळीरामनं नरसिमलूकडं बघितलं. नरसिमलू छताकडं बघत होता.

"तू हे मला का न्हाई सांगितलास?"

"नानाला राग न्हाई आला," नरसिमलू म्हणाला. "मला आलता. सांगितलो असतो तर तू मोकळा झाला असतास." थोड्या वेळानं तो म्हणाला, "मला तुला मोकळं करायचं नव्हतं."

अंगणात कोंबड्या फिरत होत्या. आईनं दोन ताटं मांडली, मग माझ्याकडं बघून तिसरं. बळीरामनं हात धुतले, पाटावर बसला. पहिला घास त्यानं कितीतरी वेळ नुसता कालवला. दुसऱ्या वेळी ती भात वाढायला आली तेव्हा त्यानं नको म्हटलं नाही. तिसऱ्या वेळी त्यानं स्वतःच ताट पुढं केलं.

जेवण झाल्यावर मी कारमधला रेडिओ आणून नरसिमलूच्या खाटेशेजारी ठेवला आणि निघायची तयारी केली. बळीरामला हाक मारायला आत गेले तर तो नरसिमलूच्या खाटेला पाठ लावून जमिनीवर बसल्या बसल्या झोपला होता, तोंड उघडं, हात मांडीत. नरसिमलू जागा होता. आईनं बळीरामच्या खांद्यांवर चादर टाकली आणि मला खुणेनं सांगितलं की तुम्ही जा, हा राहू दे.